अर्थ पहिल्या दिवसापासून : प्रस्तावना

तिसरीतल्या मुलाला दुसरीची गोष्ट वाचता येते का, हा साधा प्रश्न ‘असर’ हे सर्वेक्षण २००५ सालापासून विचारत आले आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या या सर्वेक्षणात कार्यकर्ते खेड्यातल्या घरी जातात, मुलाला शेजारी बसवतात आणि एक कागद पुढे ठेवतात. त्यावर सुटी अक्षरे असतात, सोपे शब्द असतात, पहिलीच्या पातळीचा एक छोटा परिच्छेद असतो आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मूल जिथवर वाचते ती त्याची पातळी. देशाच्या ग्रामीण भागात २०१८ साली तिसरीतली २७.३ टक्के मुले गोष्टीपर्यंत पोचत होती. करोनाकाळातल्या बंद शाळांनंतर, २०२२ साली, हा आकडा २०.५ वर घसरला आणि २०२४ साली पुन्हा २७.१ वर आला. नुकसान भरून निघाले, असे यावर म्हणता येईल. पण आपण परत आलो ती जागाच अशी आहे, की तिथे चारांतली जवळजवळ तीन मुले तिसरीत बसतात आणि दुसरीचे वाचू शकत नाहीत.

असे आकडे आले की एक ठरलेली धावपळ सुरू होते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत विषय निघतो, ‘अप्रगत’ मुलांची यादी होते आणि उपायही ठरलेलाच असतो : मुळाक्षरे पुन्हा घ्या, बाराखडी पक्की करा. ज्या मुलाची पहिली आणि दुसरी अशी दोन वर्षे मुळाक्षरांत आणि बाराखडीत गेली आणि तरी त्याला वाचता आले नाही, त्याला तिसऱ्या वर्षीही आपण तेच देतो, फक्त जरा मोठ्या आवाजात. त्या दोन वर्षांत नेमके काय अडले, हे कोणी विचारत नाही.

हे पुस्तक त्या प्रश्नापासून सुरू होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मराठी शाळेत वाचन शिकवताना आपण अर्थाला रांगेत सगळ्यात शेवटी उभे करतो. आधी अक्षरे, मग काना-मात्रा, मग जोडाक्षरे, मग शब्द, मग वाक्ये आणि हे सगळे उरकून वेळ उरलाच तर गोष्ट. ही रांग मुलांना परवडत नाही आणि आपल्या लिपीलाही ती मानवत नाही. अक्षरे शिकवायला हवीतच. रोज, नेटाने, विचारपूर्वक ठरवलेल्या क्रमाने. पण अर्थ पहिल्या दिवसापासून त्यांच्या बरोबरीने चालला पाहिजे. पुढच्या पानांतल्या कृती, खेळ, नोंदींचे तक्ते, सगळे या एका म्हणण्यातून आले आहे. म्हणून ते म्हणणे इथे जरा सविस्तर मांडतो.

ही रांग आली कुठून? पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवत असे. ओनाम्याने आरंभ, मग मुळाक्षरे, बाराखड्या, पाढे आणि पुढे मोडी. शिकण्याचे प्रयोजन ठरलेले होते : हिशेब ठेवता यावा, पत्र आणि कागद वाचता यावा, चार श्लोक पाठ असावेत. छापील पुस्तके हाताशी नव्हतीच. त्यामुळे मुलाने वाचायचे ते काय, हा प्रश्न फार उशिरा उभा राही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांसाठी मोडी आणि बाळबोध अशा दोन्ही लिप्यांचे वाचन-लेखन मागितले. त्या काळी साक्षर होणे म्हणजे दोन लिप्या हाताखालून जाणे होते. अशा शाळेत आधी लिपी आणि मग मजकूर हा क्रम समजण्यासारखा होता.

नंतर सगळेच बदलले. पुस्तके स्वस्त झाली. आचार्य अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेने पाठ्यपुस्तकात जिवंत साहित्य आणले. २७ जानेवारी १९६७ रोजी ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि राज्यभर एकसारखी, चित्रांची पुस्तके मुलांच्या हातात गेली. शब्दाकडून अक्षराकडे जाण्याचे प्रयोगही झाले. फळ्यावरचा क्रम मात्र फारसा हलला नाही, आणि घरचाही नाही. आजही पालक कोपऱ्यावरच्या दुकानातून अंकलिपी आणतात आणि शाळेत येऊन विचारतात, “बाई, बाराखडी येते का हो त्याला?” गोष्ट समजते का, असे विचारणारा पालक विरळा. जुन्या शाळेचे प्रयोजन गेले, तिची रांग तेवढी राहिली.

आता लिपीकडे पाहू, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहेत. देवनागरीची मोठी सोय अशी की अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच. ‘म’ला ‘म’च म्हणायचे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ‘सी’ हे नाव एक आणि त्याचा आवाज कधी ‘क’, कधी ‘स’, ही कसरत करावी लागते. आपल्या मुलांना ती नाही. त्यावरून आपण धरून चालतो, की मराठी वाचन म्हणजे पहिलीच्या वर्षात संपणारे काम. अडचण संख्येची आहे. ३४ व्यंजनांची प्रत्येकी १२ रूपे धरली तरी ४०८ आकृत्या होतात. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मिळवले तर त्याहून जास्त, आणि जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर जे संशोधन केले, त्यातून दिसते की अशा अक्षरमालेवर पुरता ताबा यायला प्राथमिक शाळेतली कित्येक वर्षे जातात. कन्नड लिपी दिसायला निराळी असली तरी तिची घडण आपल्यासारखीच : व्यंजन, त्याला जोडलेली स्वरचिन्हे आणि वर जोडाक्षरे. सगळी अक्षरे येईपर्यंत गोष्ट थांबवायची म्हटली, तर ती वर्षानुवर्षे थांबते.

शिवाय या आकृत्यांचे स्वभाव वेगवेगळे. पहिली वेलांटी बोलताना व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी बसते. ‘र’ हा ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये पायाशी जातो, ‘ट्रक’मध्ये पायाशीच पण निराळ्या आकारात असतो आणि ‘सुऱ्या’मध्ये आणखी तिसरेच रूप घेतो. अनुस्वाराचे टिंब एकच, पण आंब्यात ते ‘म्’ होते, अंड्यात ‘ण्’ आणि पंख्यात ‘ङ्’. ‘च’ एकच, पण चहातला वेगळा आणि चाकातला वेगळा. झेंडा आणि झाड यांच्यातल्या ‘झ’चेही तेच. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, कारण आपण वाचताना अक्षरे पाहतच नाही. पहिलीतल्या मुलाला मात्र यातली एकेक गोष्ट कोणीतरी दाखवावी लागते.

सगळ्यांत मोठी अडचण तर कागदावर दिसतच नाही. ‘कमळ’मधल्या प्रत्येक अक्षरात एक ‘अ’ आहे, पण बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गाळतो. ‘बसला’ लिहितो आणि ‘बस्ला’ म्हणतो. ‘करवत’ लिहितो आणि ‘कर्वत्’ म्हणतो. कुठला ‘अ’ उच्चारायचा आणि कुठला सोडायचा, याची खूण लिपीत कुठेच नाही. ती मुलाच्या कानात असते, कारण तो शब्द त्याने ऐकलेला असतो. मूल ‘क… म… ळ…’ असे सुटे सुटे म्हणते, जरा थांबते आणि एकदम ‘कमळ!’ म्हणून मोकळे होते. मधल्या क्षणात त्याने अक्षरे जोडली, असे आपल्याला वाटते. खरे तर त्याने त्या आवाजांवरून ओळखीचा शब्द हुडकलेला असतो. शब्द ओळखीचा नसेल तर इथेच घोडे पेंड खाते. ‘चमचा’तले दोन ‘च’ दोन तऱ्हांनी म्हणायचे असतात, हे चमचा ठाऊक असलेल्या मुलालाच साधते.

याचा अर्थ असा की आपल्या लिपीत उच्चार नीट येण्यासाठीसुद्धा शब्द माहीत असावा लागतो. अर्थ ही वाचनाच्या शेवटी मिळणारी खिरापत नव्हे; अक्षरे जुळवण्याच्या कामातच तो लागतो. तिसरीत गेलेले जे मूल सगळी मुळाक्षरे ओळखते आणि तरी शब्दापाशी अडते, त्याला बहुधा अक्षरे कमी पडलेली नसतात. अक्षरांवरून शब्दावर झेप घ्यायची असते, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. वाचन म्हणजे अक्षरांची नावे एकापुढे एक म्हणणे, अशी त्याची समजूत झालेली असते. ती आपणच करून दिलेली असते.

अक्षरांचा क्रमही यात आला. वर्णमालेची मांडणी थक्क करणारी आहे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारांची स्थाने धरून तिने व्यंजने वर्गांत बसवली आहेत. पण ही मांडणी भाषा जाणणाऱ्यांनी ध्वनींचा विचार करण्यासाठी केली. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवण्यासाठी नव्हे. ‘क’पासून ‘ञ’पर्यंतची दहा अक्षरे क्रमाने शिकवली तर त्यांतून मुलाच्या ओळखीचे शब्द किती होतात? बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. ‘ङ’ आणि ‘ञ’ तर मुलाच्या रोजच्या एकाही शब्दात सुटे सापडायचे नाहीत.

दुसरी सवय, सगळी मुळाक्षरे संपेपर्यंत काना-मात्रा न देण्याची. तिचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. काना-मात्रा वगळून मराठी वाक्य करायला बसा : क्रियापदाचे जवळजवळ एकच रूप उरते, तेही आज्ञेचे. बघ, बस, ऊठ, कर, धर. ‘आला’ लिहायला काना लागतो, ‘येते’ लिहायला मात्रा. तेव्हा कानामात्राविरहित धड्यांत मुलाला आयुष्यातला पहिला छापील मजकूर भेटतो तो हुकमांचा. त्यात काही घडत नाही, कोणी येत नाही, कोणी जात नाही. असे वाचून पुढे काय होते, अशी उत्सुकता वाटावी तरी कशी?

याउलट म, ल, ब, स, र ही पाच व्यंजने घ्या आणि ‘आ’ हा स्वर त्याच्या कान्यासकट द्या. एवढ्या शिदोरीवर लिहिता येते : ‘मामा आला. मामा, बस. आमरस आला.’ तीन वाक्ये, पण त्यांत पाहुणा आहे, आग्रह आहे, खाऊ आहे, आणि मूल तिसऱ्या वाक्यावर हसते. दुसऱ्या आठवड्यात ‘न’ आणि ‘ई’ आली की आईही येते आणि मामीही. नेहमी लागणारी, एकमेकांपासून सहज ओळखू येणारी अक्षरे आधी घ्यायची, एखाद-दुसरे स्वरचिन्ह त्यांच्याबरोबरच द्यायचे आणि प्रत्येक गटानंतर खरा मजकूर वाचायला द्यायचा, ही अक्षरगटांची कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. फलटणला प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांच्यासारख्यांनी मराठीतल्या आरंभीच्या वाचनाचा विचार मराठीच्याच स्वभावातून केला आणि तो वर्गात आजमावला. या पुस्तकातले अक्षरगट आम्ही आमच्या सोयीने पाडले असले, तरी वाट त्यांनी मळलेली आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की आम्ही अक्षरओळखीच्या विरोधात आहोत. तसे नाही, आणि दुसऱ्या टोकाचाही समाचार घ्यायला हवा. मूल जसे ऐकत ऐकत बोलायला शिकते, तसे पुस्तकांच्या सहवासात आपोआप वाचायलाही शिकेल, असे मानणारा एक प्रवाह जगभर होऊन गेला. अमेरिकेत या वादाने कित्येक दशके घेतली. जीन चॉल यांनी १९६७ सालीच त्यावर पुस्तक लिहून आवाज आणि अक्षर यांचा संबंध आरंभीच पद्धतशीर शिकवण्याच्या बाजूने कौल दिला होता. २००० साली तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीच्या अहवालानेही ते उचलून धरले, आणि त्याच्या जोडीला ओघवते वाचन, शब्दसंपत्ती आणि आकलन यांचीही गरज सांगितली. आपल्याकडे २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि ज्ञानरचनावादाचे वारे शाळाशाळांतून वाहू लागले. त्या लाटेत वर्ग बोलके झाले, मुलांची भीड चेपली, फरशीवर तक्ते रंगले. काही ठिकाणी मात्र साहित्य भरपूर आणि अक्षरे नेमकी कोणी, कधी, कशी शिकवायची याचा पत्ता नाही, असेही झाले. ज्या घरात आई-वडील रोज वाचतात, तिथले मूल अशा वर्गातही वाचायला शिकते. ज्या घरात छापील कागद येतो तो किराण्याच्या पुडीचा, तिथल्या मुलाला शाळेने शिकवल्यावाचून दुसरा आधार नसतो.

१९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी वाचनाचे एक साधे सूत्र मांडले : लिपी उलगडता येणे गुणिले भाषा समजणे. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंतले एक शून्य असेल तर उत्तरही शून्य. या सूत्रावर पुढे पुष्कळ चर्चा झाली, पण पहिलीच्या शिक्षकाला त्यातला गुणाकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. बाराखडी घोकून घेणारा वर्ग एका बाजूला शून्याकडे झुकतो, नुसत्या गोष्टी सांगणारा दुसऱ्या बाजूला.

आपल्या मातीतला पुरावाही आता हाताशी आहे. पालघर जिल्ह्यातला वाडा आणि कर्नाटकातला यादगीर, या दोन ठिकाणी मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत सलग तीन वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्याचा अहवाल २०१७ साली आला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे आणि बाराखडीत जातो, सलग मजकूर मुलांपुढे फार थोडा येतो आणि जे मूल सुरुवातीलाच मागे पडते त्याला अभ्यासक्रम मागे वळून हात देत नाही, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसते. पहिलीच्या वर्गावर काही वर्षे काढलेल्या कोणाही बाईंना किंवा गुरुजींना हे चित्र ओळखीचे वाटेल.

मागे पडलेल्या मुलाला रांग किती महागात पडते, हे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांकडे पाहिले की कळते. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वीटभट्ट्यांवर जाणाऱ्यांचेही तसेच. जूनमध्ये पहिलीत आलेले मूल मुळाक्षरांपाशी असताना गाव सोडते. परतते तेव्हा वर्ग जोडाक्षरांवर असतो. साखरशाळांसारख्या प्रयत्नांनी काहींना सावरले, पण सगळ्यांपर्यंत ते पोचत नाहीत. अभ्यासक्रम जर एकच लांब रांग असेल, तर मधले चार-पाच महिने गळले की पुढचे सगळे बंद. पण रोजच्या तासात थोडी अक्षरे, थोडी गोष्ट, थोडे लेखन असे पूर्ण वाचन असेल, तर मूल ज्या दिवशी परत येईल त्या दिवशी त्याला करण्याजोगे काहीतरी असते. दोनशिक्षकी शाळेत, जिथे एका खोलीत तीन इयत्ता बसतात, तिथेही हीच रचना तग धरते.

दुसरा प्रश्न घरच्या भाषेचा. मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते, गडचिरोलीतले गोंडी. या दोन भाषा मराठीच्या कुळातल्याही नाहीत : कोरकू मुंडा गटातली, गोंडी द्राविड. नंदुरबारमध्ये पावरी आणि मावची, पालघरमध्ये वारली, तांड्यांवर गोरमाटी. आणि ज्यांची भाषा मराठीच, त्यांचीही पुस्तकातली मराठी असतेच असे नाही. वर आपण पाहिले, की अक्षरांवरून शब्दावर झेप घ्यायला तो शब्द कानात असावा लागतो. जो शब्द या मुलाने कधी ऐकलाच नाही, तो त्याने नुसत्या अक्षरांच्या बळावर नीट वाचावा, अशी अपेक्षा आपण करतो, आणि त्याला ते जमले नाही की यादीत नाव घालतो.

यावरचा उपाय आपल्याकडच्या थोर शिक्षिकांनी कधीच दाखवला आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर काम उभे राहिले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच मुलांकडे नेली : अंगणवाडी पाड्यावर गेली आणि कुरणशाळा गुरे चारणाऱ्या मुलांकडे. भाषेच्या बाबतीत तेच करायचे आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर मुलांना विचारत, तुला कोणता शब्द हवा? भुतापासून आईपर्यंत, मूल ज्या शब्दाशी मनाने बांधलेले असेल, तोच कार्डावर लिहून द्यायचा आणि तोच त्याचा पहिला वाचनपाठ. १९६३ साली आलेले त्यांचे ‘टीचर’ हे पुस्तक मराठीतही आले आहे. आपल्या वर्गात याची सोपी रीत अशी : सकाळी मुलांशी गप्पा मारायच्या, त्यातले एक वाक्य मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचे आणि सगळ्यांनी बोट फिरवत वाचायचे. ‘काल आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली’ या वाक्यात ‘ल्ल’ असले तरी कोणीही अडत नाही, कारण काय लिहिले आहे ते आधीच ठाऊक असते. मूल बोलीत म्हणाले तर बोलीतच लिहावे का, असे शिक्षक नेहमी विचारतात. आमचे उत्तर : सुरुवातीला हो. बोललेले लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा बोलता येते, हा साक्षात्कार आधी होऊ द्यावा. प्रमाण मराठी गोष्टींतून, गाण्यांतून, पुस्तकांतून शेजारी येऊन बसतेच, आणि तिलाही वर्गात भरपूर जागा द्यायची आहे.

त्यासाठी पुस्तके हवीत आणि ती कपाटाबाहेर हवीत. एके काळी मराठीत लहान मुलांसाठी चांगली चित्रपुस्तके कमी, ही तक्रार खरी होती. आता माधुरी पुरंदरे यांची चित्रे आणि गोष्टी आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके आहेत, ‘प्रथम बुक्स’ची स्वस्त पुस्तके आणि त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या मोफत गोष्टी आहेत. पुस्तके फाटतील म्हणून कुलूपबंद ठेवणाऱ्या शाळांना एवढेच सांगावेसे वाटते, की जडवस्तू नोंदवहीत पुस्तक धड राहिले आणि मुलाला वाचता आले नाही, तर नुकसान कोणाचे झाले ते पाहावे. मोठ्याने वाचून दाखवणे हा फावल्या वेळचा उद्योग नाही. पुस्तक मुलांकडे वळवून धरायचे, ओळींखाली बोट फिरवायचे, मध्येच थांबून ‘आता काय होईल?’ असे विचारायचे. शेवटी तात्पर्य विचारायचे नाही. त्याऐवजी ‘तू असतास तर काय केले असतेस?’ असे विचारले, तर न बोलणारे मूलही बोलते. पुस्तकी भाषेचे वळण, नवे शब्द, गोष्टीला सुरुवात-मध्य-शेवट असतो ही जाण, सगळे यातून येते. वाचताच येत नसलेल्या मुलाचे आकलन वाढवण्याचा याहून चांगला मार्ग आम्हाला माहीत नाही.

लेखनाचेही असेच. वाचता येईपर्यंत लिहिणे म्हणजे गिरवणे आणि फळ्यावरून उतरवून घेणे, अशी प्रथा आहे. या पुस्तकात मूल पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या मनातले लिहिते, चुकत लिहिते. एखादे मूल मांजराच्या चित्राखाली ‘मजर’ लिहिते. लाल शाईने पाहिले तर शब्द चुकला. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर या मुलाला तीन व्यंजने ऐकू आली, त्यांचा क्रम कळला, तिन्ही अक्षरे आठवली आणि काढता आली. राहिले काय? काना आणि अनुस्वार. म्हणजे उद्या त्याला काय शिकवायचे, हे त्यानेच सांगितले. अशी एक ओळ दहा चाचण्यांपेक्षा जास्त बोलते. असे लेखन कसे वाचायचे, यावर एक अख्खा भाग आहे, कारण प्रशिक्षणांत हाच विषय नेमका राहून जातो.

शेवटी धोरणाबद्दल थोडे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरतेला अग्रक्रम दिला आणि ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. २०२६-२७पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट. पहिली-दुसरीचे वर्ग इतके महत्त्वाचे आहेत हे एकदाचे कागदावर आले, याचा आनंद आहे. नाहीतर शाळेतला सगळ्यात नवखा शिक्षक पहिलीला, ही आपली जुनी रीत. पण एक सावधगिरी हवी. या अभियानाने तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द असे वाचनवेगाचे मोजमाप दिले आहे आणि तेही अर्थासह. घड्याळ लावून शब्द मोजता येतात, अर्थ मोजता येत नाही. त्यामुळे तपासणीच्या दिवसांत ‘अर्थासह’ गळते आणि ६० तेवढे राहतात. मग वर्गात धावत वाचण्याचा सराव सुरू होतो आणि जुनीच रांग नव्या वेगाने चालू लागते. वेग हा समजून, भरपूर वाचल्याचा परिणाम आहे. त्याचा स्वतंत्र तास घेऊन तो येत नाही.

पुस्तकाची मांडणी सांगून थांबतो. पाच भाग आहेत : ध्वनी आणि अक्षरगट, मोठ्याने वाचून दाखवणे, मुलांच्या बोलण्यातून तयार होणारा मजकूर, मुलांचे लेखन, आणि एकेका मुलाचे वाचन ऐकून त्याची नोंद ठेवणे. भाग सुटे छापले असले तरी ते एकामागून एक करायचे नाहीत. तसे केले तर रांगेची जागा फक्त दुसऱ्या रांगेने घेतली, असे होईल. रोज भाषेच्या दीड तासात या पाचांपैकी निदान तीन तरी यावेत. पाचवा भाग वेळखाऊ वाटेल. रोज तीन-चार मुलांना पाच-पाच मिनिटे शेजारी बसवून ऐकले, तर तिसांचा पट दोन आठवड्यांत होतो, आणि कोण कुठे अडले आहे हे परीक्षेची वाट न पाहता कळते. साहित्य म्हणून फळा, खडू, जुनी कॅलेंडरे, कात्री आणि वीस-पंचवीस चांगली पुस्तके पुरतात. प्रोजेक्टर असेल तर वापरा. नसेल तर कोणतीही कृती अडत नाही.

हे पुस्तक जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांतल्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी लिहिले आहे. अंगणवाडी ताई, मुलांना घरी घेऊन बसणारे पालक आणि डी.एल.एड.चे विद्यार्थी यांनाही त्यातून पुष्कळ घेता येईल. यातल्या कृती ज्या वर्गांत घासूनपुसून झाल्या, तिथल्या बाई आणि गुरुजींनी काही कृती मोडीत काढल्या आणि काही आमच्यापेक्षा चांगल्या करून परत दिल्या. तुमचा वर्ग आणखी वेगळा असेल. तुमच्याकडे ‘आमरस’ऐवजी दुसरा शब्द चालत असेल, मामाऐवजी आजा येत असेल, अक्षरगटांचा क्रम बदलावासा वाटेल. तो जरूर बदला. एवढेच पाहा, की नव्या गटातूनही पहिल्याच आठवड्यात एखादे खरे वाक्य तयार होते आहे. पानांचे समास मुद्दाम रुंद ठेवले आहेत. तिथे तारीख घालून लिहा : काय केले, कोणत्या मुलाने काय वाचले, काय फसले. जिथे पुस्तक एक सांगते आणि तुमच्या वर्गातली मुले दुसरेच दाखवतात, तिथे मुलांवर विश्वास ठेवा आणि आम्हाला कळवा, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ते पान आम्हाला बदलता येईल.